धोंडप्पांनी ऐकलेली वीज

भूकंपात धोंडप्पांची बायको गेली. त्यांना भिंतीखालून ओढून काढलं तेव्हा जीव तेवढा वाचला, कान अधू झाले. लहानग्या लेकीला, शिवकांताला, घेऊन ते लातूरला आले आणि क्लासच्या पोरांसाठी मेस काढली. गल्लोगल्ली क्लास निघत होते. पोरं जेवताना गणितांवरून भांडायची, अन् भाकरी वाढता वाढता शिवकांताही त्यात तोंड घालायची. तशीच शिकत ती इंजिनिअर झाली.

पुढं नांदेडकडच्या एका नव्या वीजकेंद्राचं काम तिच्याकडे आलं. तिथं प्रचंड दाबाची वीज एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणार होती. त्या बदलात आसपास न दिसणारी खळबळ उठते, रेडिओत खरखर शिरते. ती कुठवर जाईल, हे आधी कॉम्प्युटरवरच केंद्र उभारून शिवकांता शोधायची. धोंडप्पा शेजाऱ्यांना सांगत, "पोरगी विजेची गुरगुर मोजायली."

केंद्र सुरू झालं, तेव्हा ती त्यांना दाखवायला घेऊन गेली. कुंपणाशी पोचले अन् धोंडप्पा मटकन खाली बसले.

"शिवे, पळ! जमीन गुरगुरायली!"

"अप्पा, काई न्हाई!" ती ओरडली. त्यांना ऐकूच जाईना. मग तिचं लक्ष त्यांच्या कानातल्या ऐकायच्या मशीनकडे गेलं. फोनसाठीचं बटण चुकून दाबलं गेलं होतं. त्यावर मशीन माणसाचा आवाज सोडून विजेची थरथरच ऐकतं. तिनं ते परत दाबलं. सगळं शांत झालं.

"जमीन न्हाई अप्पा, वीज हाय ती. रस्त्यापल्याड जात न्हाई, मी आधीच काढलं होतं."

"आधीच कळतं?"

"हिचं कळतं."

धोंडप्पांनी जमिनीवर हात टेकवला. त्यांच्या मनातलं ओळखून ती हळूच म्हणाली, "जमिनीचं अजून कुणाला जमलं न्हाई."

त्यांनी डोळे पुसले. "ते बटण परत लाव. तुझं काम ऐकू दे मला."

तिनं बटण लावलं अन् दोघं रस्त्याकडे चालू लागले. "हाय... अजून हाय... कमी झाली गं," धोंडप्पा सांगत होते. रस्ता ओलांडला अन् ते थांबले. "गेली!"

त्यांना आता तिचं बोलणं ऐकू येणार नव्हतं. शिवकांतानं त्यांचा हात घट्ट धरला. समोरच्या टपरीवर चहा येईपर्यंत धोंडप्पांनी टपरीवाल्याला दोनदा सांगितलं, "ही माझी पोरगी."