बिनआवाजाचा कूलर

मंडळी, अजून धक्क्यातच आहे.

शेजारच्या वत्सलाकाकूंचा कूलर एवढा घरघरतो की आम्हाला खिडकी लावावी लागते, आणि मग उकाड्यानं आईला झोप नाही. म्हणून आज तीन ऑनलाइन दुकानांतले कूलर मोबाइलवर शेजारी-शेजारी मांडून पाहिले. त्यात ग्राहकांनी पाच तारे दिलेला एक सापडला. खाली कुणीतरी लिहिलेलं, "अजिबात आवाज नाही. बिनधास्त घ्या!"

सोबत फोटोही होता. कूलरच्या मागं खिडकी, खिडकीतून आमची गच्ची, अन् दोरीवर माझा फाटका बनियन!

कंपाउंडवरून विचारलं, "काकू, हे तुम्ही लिहिलं?"

"व्हय. आम्ही एकट्यानंच का फसायचं?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही नका घेऊ बरं. आईंना झोप लागायची नाय."

तुम्ही ज्या ताऱ्यांवर भरवसा ठेवता, ते देणाऱ्यांच्या शेजारी कोण जागं असतं, विचारलंय कधी?