सगळ्यात पुढची लॉरी

शाळेत मी दोन इयत्ता गेलो. पण वलवणपासून खाली वडगावपर्यंत बैलगाडी रंगवावी तर मीच, हे आजही कुणी नाकारणार नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत लोणावळ्याच्या एका बंगल्यात जखमी गोरे अधिकारी विश्रांतीला ठेवले होते. तिथल्या हवालदारानं बाजारात मी रंगवलेली गाडी पाहिली आणि मला घेऊन गेला.

आत मोठं टेबल. त्यावर वाळूचे डोंगर, ओढे, रस्ते. मला लाकडाचे सुपारीएवढे रणगाडे आणि लॉऱ्या रंगवायच्या होत्या.

"साहेब लढाई खेळत्यात," हवालदार म्हणाला. "फासे टाकायचे, गाड्या सरकवायच्या. फासा उलटा पडला की गाडी मेली. ती आडवी करायची."

"पोरखेळ हाय की मग."

"पोरं असं खेळत न्हाईत, भाऊ. तोंडं बघ त्यांची."

बघितली. कुणी हसत नव्हतं.

शेळीच्या कानामागचे केस काडीला बांधून मी कुंचला केला. त्यानं चाकांच्या कडा, काचा, रणगाड्याचे पट्टे सगळं काढलं. एक पाय ताठ झालेला साहेब त्यांचा म्होरक्या होता. तो भिंग लावून बघायचा आणि मान डोलवायचा. मला वाटायचं, बघ अजून, चूक सापडायची नाही तुला.

माझा धाकटा भाऊ तेव्हा फौजेत लॉरी चालवत होता. कुठं, ते पत्रात लिहू देत नसत. एका पत्रात त्यानं कळवलं, की साहेबाची नजर चुकवून लॉरीच्या मागच्या फळीवर आपल्या घरची खूण काढली आहे. आमच्या गाडीला पांढऱ्या कड्यात तांबडा ठिपका असतो. आमच्यात रीत अशी, की फळीवरची खूण धनी मेल्यावरच खरवडायची. तो जिवंत असताना पुसणं म्हणजे त्याला आपल्या हातानं पोचवणं.

ते पत्र आल्यावर मी टेबलावरच्या एका लॉरीला टाचणीच्या टोकानं तीच खूण काढली. कुणी सांगितलं नव्हतं. भावाची लॉरी म्हणून जरा जास्तच जीव ओतला.

साहेबाला तीच आवडली. त्यानं ती रांगेत सगळ्यात पुढं लावली. पुढच्या गाडीवर पहिला मारा होतो, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. फासा पडला आणि साहेबानं बोटानं ती आडवी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढं, पुन्हा आडवी. आठ दिवस मी दाराशी उभा राहून बघत होतो. त्याच सुमाराला भावाची पत्रं बंद झाली. आईनं टपालवाल्याच्या वाटेकडं तोंड करून बसायला सुरुवात केली.

शेवटी हवालदाराला सगळं सांगितलं. तो हसला नाही.

"खूण पुसून टाक की मग."

"भाऊ जिता हाय माझा."

"मग मी काय करू?"

"साहेबाला सांगा, ती मागं घ्या म्हणून."

तो आत जाऊन आला. "साहेब म्हणतो, तीच सगळ्यात झकास वठली हाय. पुढंच ऱ्हाणार."

माझ्याच हाताची तारीफ माझ्या भावावर उलटली. मग मी हट्टाला पेटलो. दुसरी एक लॉरी घेतली आणि चार दिवस तिच्यावरच खपलो. ताडपत्रीच्या दोऱ्यासुद्धा काढल्या. साहेब खूश झाला, तिला पुढं लावली. भावाची शेवटाला गेली. मला वाटलं, सुटली.

त्या दिवशी पलीकडच्या बाजूनं खेळणाऱ्या साहेबांनी डोंगराआडनं रांगेच्या शेपटावर घाला घातला. साहेबाचं बोट शेवटच्या लॉरीकडं आलं. मी टेबलापाशी गेलो, ती उचलली, कनवटीला लावली आणि चालू लागलो.

"ओ! ठेव ती!" हवालदार मागनं ओरडला. "चोरी हाय ही!"

"साहेबाला म्हणावं, दुसरी करून देणार न्हाई."

लॉरी घरी देव्हाऱ्यात ठेवली. पंधरवड्यानं भावाचं पत्र आलं, खुशाल आहे म्हणून. मी आईला म्हणालो, "तुझा लेक मी राखला." सांगताना छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

लढाई संपल्यावर भाऊ आला. देव्हारा बघून म्हणाला, "हे काय?" मी सगळं ऐटीत सांगितलं. त्यानं लॉरी हातात घेतली. बराच वेळ उलटीपालटी केली.

"ही माझी न्हाई, दादा."

"खूण तुझीच की!"

"खूण माझी. पण मला मधीच दवाखान्याची गाडी चालवायला घातलं आन् लॉरी दुसऱ्याला दिली. तो म्हणला, खूण पुसू का? मी म्हणलं, मी जिता हाय, पुसू नगंस."

"मग?"

"मग काय. मागच्यांना खूण लांबनं दिसती, म्हणून आमचा तिथला साहेब ती कायम पुढंच लावायचा. सुरुंगावर गेली."

"आन् तो?"

"माझ्याच गाडीत घालून आणला. वाटंत गेला."

आई चुलीपाशी होती. तिनं फुंकणी खाली ठेवली.

"कधी झालं हे?" मी विचारलं.

त्यानं महिना सांगितला. त्या दिवसांत लॉरी टेबलावर होती का देव्हाऱ्यात, हे मी आजवर मोजलेलं नाही. तो माणूस कुठल्या गावचा, हेही विचारलं नाही. आयुष्यभर कुणालाही तोंडावर विचारायला माझं अडलं नाही, तिथं अडलं.

त्या साली भात घेऊन गावच्या गाड्या लोणावळ्याला निघाल्या. आमची गाडी दरसाल पहिली असायची. कासरा भावाकडं होता. त्यानं गावाबाहेर गाडी कडेला घेतली आणि एकेक करून सगळ्यांना पुढं जाऊ दिलं.

"काय रं, फौजेत बैल हाकायला इसरलास व्हय?" शेजारी ओरडला. लोक हसले.

एरवी मी खाली उतरून त्याचं थोबाड रंगवलं असतं. शेवटची गाडी जाईपर्यंत मी पोत्यांवर गप बसून राहिलो.