साडेपाच ग्रॅम ॲस्पिरिन

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना कल्याणच्या आमच्या कॉलेजात ॲस्पिरिन बनवायचं प्रॅक्टिकल होतं. पाच ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड घेतलं, तर गणिताने ६.५२ ग्रॅम ॲस्पिरिन मिळायला हवं. माझं वाळवून भरलं ३.९. म्हणजे जेमतेम साठ टक्के. सीनियर मुलींनी सांगितलेलं, यील्ड पंच्याऐंशी टक्के दाखव, बाई खूश होतात. मग मी उलटं गणित केलं. ६.५२ गुणिले ८५, भागिले १००. जर्नलमध्ये वजन लिहिलं, ५.५४ ग्रॅम, यील्ड ८५ टक्के.

बाबा डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत ऑपरेटर होते. दहावीपर्यंतच शिकलेले, पण माझी जर्नलं आवडीने चाळायचे. त्या संध्याकाळी चहा पिता पिता त्यांचं बोट त्या आकड्यावर थांबलं. तयार झालेले स्फटिक धुताना पाणी किती घेतलंस, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भरपूर, स्वच्छ व्हावं म्हणून. गार होतं का? नाही, नळाचंच.

"मग पंच्याऐंशी यायचे नाहीत," बाबा म्हणाले. "आमच्याकडे थंडगार पाण्याने धुतात, तरी थोडा माल पाण्याबरोबर जातोच."

मी सगळं सांगून टाकलं. रागावतील असं वाटलेलं.

"अगं, साठ आले तर साठ लिही. बाकीचं कुठे गेलं ते शोधता तरी येईल."

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी तो आकडा एका रेघेने खोडायला लावला, खाली खरं वजन आणि कारण लिहून घेतलं, आणि दोन मार्क कापले. पण पुढच्या आठवड्यात मोकळ्या तासाला प्रयोग परत करू दिला. या वेळी मी कॅन्टीनमधून बर्फ आणला. ४.९ ग्रॅम आलं, पंचाहत्तर टक्के.

आता मी काम करते त्या माजिवड्याच्या लॅबमध्ये कमी यील्ड आलं म्हणून कोणी चेहरा पाडून समोर उभं राहिलं, की मी आधी धुण्याच्या पाण्याबद्दलच विचारते. बाबांना जाऊन चार वर्षं झाली.

प्रयोग परत केला त्या दिवशी बाईंना विचारून चिमूटभर ॲस्पिरिन पुडीत बांधून घरी नेलेलं. बाबांच्या नखांत कंपनीचा निळा रंग कायमचा बसलेला. त्या बोटांनी त्यांनी पुडी अलगद उघडली आणि ट्यूबलाइटखाली धरून कितीतरी वेळ बघत राहिले. आईने विचारलं, डोकं दुखलं तर घेऊ का यातलं? आम्ही दोघंही एकदम नको म्हणालो.