माइकवर घेतलेलं नाव

यंदाच्या चातुर्मासात मी नेम धरला होता, कुणाबद्दल वाईट म्हणून बोलायचं नाही. त्याआधी कांदा-लसूण सोडून झालं होतं, चप्पल सोडून झाली होती, सोळा सोमवार तर झालेच होते. पण हा नेम सगळ्यात भारी! कांदा सुटतो हो, पण जिभेवरून शेजारी-पाजारी सुटत नाहीत. आणि नेमकी त्याच चातुर्मासात मी मुलीबरोबर शास्त्रज्ञांच्या परिषदांना जायला लागले. दिवसभर डोळे फाडून बघायचं आणि संध्याकाळी तोंड मिटून घरी यायचं! मग काय होणार? किस्से साठत गेले. गणपतीला आलेल्या प्रसादाच्या पुड्यांसारखे, जिथे हात घालावा तिथे एक.

आता कार्तिकी एकादशी झाली, नेम सुटला, म्हणून सांगते. तरी ज्यांनी मला धक्के दिले त्यांची नावं घेणार नाही. तेवढा नेम अजून आहे अंगात.

माझी मुलगी सायली खाडीतल्या चिखलावर संशोधन करते. होय, चिखलावर! तिची लेक मिहू अजून अंगावर पिते. म्हणून परिषदेत सायली आत पेपर वाचते आणि मी बाहेर मिहूला खेळवत बसते. सायलीबरोबर एकाच सरांकडे पीएचडी करणाऱ्या आणखी दोघी, हेमा आणि इरा. हेमा माहुलची, कोळ्यांची पोर. आणि इराला घरच्यांनी मुलगा समजून वाढवलं, नावही मुलाचं ठेवलं. आपण मुलगी आहोत हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं, बाकीच्यांना कळायला वेळ लागला, काहींना अजून कळायचंय. तिघी आमच्या घाटकोपरच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसतात. आम्ही मग ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

इराचा प्रश्न असा की प्रबंध द्यायच्या आधी तिने एका परिषदेत पेपर वाचलाच पाहिजे. दोनदा गेली. दोन्ही वेळा माइकवरून तिचं जुनं नाव पुकारलं, सगळा हॉल मान वळवून बघायला लागला आणि ही पोर पेपर न वाचताच परत आली. एका दुपारी माझ्याबरोबर वाल सोलताना म्हणाली, "काकू, अंधेरीला शेवटचं बघते. तिथेही ते नाव माइकवर आलं, तर हे सगळं सोडणार. बँकेची परीक्षा देणार."

मी हबकलेच. ही मुलगी शेवाळाबद्दल बोलायला लागली की माझी भाजी करपते, इतकं छान सांगते. आणि ही बँकेत?

म्हटलं, "बघू गं. अंधेरी काही एवढी वाईट नाही." पण म्हणताना माझाच माझ्यावर विश्वास नव्हता. का, ते पुढे वाचा.

* * *

पहिली परिषद मुलुंडला. सायलीने गळ्यात घालायचा बॅज उचलला आणि तिथेच उभी राहिली. बॅजवर छापलेलं, 'मिसेस अमेय गावकर'!

अमेय म्हणजे माझा जावई. गुणी मुलगा. पण आयुष्यात कधी चिखलात पाय घातलेला नाही, पावसाळ्यात रिक्षा थेट दारात बोलावतो.

सायली काउंटरवरच्या गृहस्थांना शांतपणे म्हणाली, "मग पेपरही तोच वाचेल ना? फोन करते त्याला. आत्ता ठाण्याला कुणाला तरी फ्रिज विकत असेल."

गृहस्थ म्हणाले, "मॅडम, रागावू नका, आम्ही रिस्पेक्ट म्हणून लिहिलं!"

* * *

त्याच दिवशी मिहूला भूक लागली. सायलीने विचारलं, बाळाला पाजायला एखादी खोली मिळेल का? सगळे एकमेकांकडे बघायला लागले, जणू तिने हत्ती बांधायला जागा मागितली. शेवटी एकाने एक दार उघडून दिलं. आत खुर्च्यांवर पाय टाकून तीन ज्येष्ठ प्राध्यापक घोरत होते!

दार उघडणारा कुजबुजला, "मॅडम, तुम्ही कोपऱ्यात बसा. सर लोक झोपलेत, त्यांना काही प्रॉब्लेम नाही."

त्यांना काही प्रॉब्लेम नाही! मी तोंडावर हात ठेवला. नेम होता ना.

आम्ही बाहेर जिन्यात बसलो. मी पदर आडवा धरला. तेवढ्यात आयोजकांपैकी एक बाई धावत आल्या. वाटलं, चला, बाईमाणूस आहे, हिला कळलं. त्या म्हणाल्या, "सॉरी हं, पण बेबीचं रजिस्ट्रेशन केलंय का?"

* * *

वांद्र्याची परिषद मोठ्या हॉटेलात. विषय, समुद्र आणि प्रदूषण. हेमाचा पेपर होता माहुलच्या चिखलातल्या तेलावर. तिने लहानपणापासून बघितलेला चिखल, त्याच्या बाटल्या भरभरून तपासलेल्या. आदल्या आठवड्यात तिला आयोजकांचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकला.

"हेमा, उद्घाटनाला जरा लवकर येशील ना? आणि येताना नऊवारी, टोपली वगैरे घेऊन ये."

"टोपली? सॅम्पलसाठी का सर?"

"नाही गं, कोळीनृत्य! आपल्याला इन्क्लुझिव्ह करायचंय ना या वर्षी. तू नाच, मग कपडे बदलून पेपर वाच. झकास होईल!"

मला वाटलं आता ही फोन भिंतीवर आपटते. हेमा एवढंच म्हणाली, "सर, माझी आई पहाटेपासून टोपली घेऊनच असते. ती कधी नाचताना मी बघितली नाही. तिला विचारून सांगते, वेळ आहे का."

पलीकडून आनंदाने आवाज आला, "अरे वा! आई पण येणार?"

* * *

बोरिवलीची परिषद तर खास माशांवर. भिंतीभर माशांची पोस्टरं, पेनावर मासा, पिशवीवर मासा. जेवणाच्या सुट्टीत हेमाने डबा उघडला. सुकटीची चटणी आणि भाकरी. माझी संकष्टी होती, मी साबुदाण्याची खिचडी खात शेजारी बसले होते. एक सर ताट घेऊन आले आणि नाकाला रुमाल लावून म्हणाले, "इथे नॉनव्हेज अलाउड नाही हं. या काकूंचा उपास दिसतोय. त्यांच्या भावना दुखावतील."

माझ्या भावना! मी मालवणची. म्हटलं, "अहो, माझा उपास पोटाचा आहे, नाकाचा नाही. वास येऊ द्या. चंद्रोदयापर्यंत तेवढाच आधार!"

हेमा हसून हसून लाल. सर मात्र गंभीर. जाताना सांगून गेले की दुपारी त्यांचं व्याख्यान आहे, नक्की या. विषय काय होता माहितीय? गरीब माणसाच्या आहारात सुक्या मासळीचं महत्त्व!

* * *

बोरिवलीलाच एका शास्त्रज्ञांचा सत्कार होता, डॉक्टर सामंत. ते चाकाच्या खुर्चीत असतात. स्टेजला पायऱ्या, उतार नाही. आणि इतक्या हुशार माणसांच्या हे लक्षात आलं कधी, तर त्यांचं नाव पुकारल्यावर!

चौघेजण धावले आणि विचारलं ना सवरलं, खुर्ची उचलून खांद्यापर्यंत नेली. सामंतसर हातांनी नको नको म्हणतायत आणि हॉल टाळ्या वाजवतोय! पालखीतला देव पण असा हलवत नाहीत हो.

वर ठेवल्यावर सामंतसरांनी शर्ट नीट केला, शाल घेतली, माइक घेतला. म्हणाले, "आभार. आता मला एवढंच सांगा, रात्री इथून उतरवून नेणार आहात, की विसर्जन इथेच?"

हसावं की नाही, कुणाला कळेना. मागच्या रांगेत इरा एकटीच मोठ्याने हसली आणि मग डोळे पुसायला लागली. मी तिचा हात धरला. पुढची परिषद अंधेरीची होती.

* * *

अंधेरीला काउंटरवर मी इराला चिकटूनच उभी. इराने आधी मेल केली होती, माझं नाव इरा आहे, तेच लिहा. काउंटरवरच्या सरांनी तिच्याकडे बघितलं, बॅजकडे बघितलं, परत तिच्याकडे.

"मॅडम... म्हणजे... मेल मिळाली होती. पण कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती ना. आणि विद्यापीठाकडून हेच नाव आलंय. तुमचं खरं नाव हेच ना?"

"खरं नाव इरा."

"हो, पण आधीचं?"

मला वाटलं आता ही मागे फिरते. पण नाही! इराने वर भिंतीवरची चकचकीत पाटी बघितली. "सर, तुमच्या कॉलेजचं नाव गेल्या वर्षी बदललं ना?"

"हो हो! देणगीदारांच्या मातोश्रींचं दिलं."

"मग आता जुन्या नावाने हाक मारली तर चालेल?"

"छे छे! ट्रस्टी रागावतील."

"माझी ट्रस्टी मीच आहे, सर. मीही रागावते."

मीही न राहवून म्हटलं, "अहो, मी रोज विष्णुसहस्रनाम म्हणते. देवाची एवढी नावं तोंडाला बसली. तुम्हाला या पोरीचं एक जमत नाही?"

ते लाजले. कोरा बॅज काढला आणि स्वतःच्या हाताने 'इरा' लिहून दिलं. अक्षर सुंदर होतं. मी मनातल्या मनात गणपतीला दूर्वा बोलले. आणि लगेच ते पडत्या आवाजात म्हणाले, "पण काकू, स्टेजवरचे लोक छापील पत्रिका बघून नाव घेतात. तिथे माझं काही चालत नाही हं."

* * *

इराच्या सत्राच्या चेअरपर्सन एक वयस्क डॉक्टरबाई होत्या. पांढरे केस, जाड चष्मा, हातात घंटा. सायली म्हणाली, "आई, वाट लागली. ह्या म्हणजे कर्दनकाळ. वेळ संपला की अर्ध्या वाक्यात उठवतात." मी मिहूला मांडीवर घेऊन मागे बसले आणि जप सुरू केला.

इरा पायऱ्या चढून वर गेली. पडद्यावर तिची पहिली स्लाइड, त्यावर तिचं नाव. डॉक्टरबाईंनी पत्रिका डोळ्यांजवळ नेली. "यापुढचं सादरीकरण..." म्हणाल्या आणि थांबल्या. कागद बघितला, पडदा बघितला.

"इथे एक नाव आहे, तिथे दुसरं. कुठलं घेऊ?"

पुढच्या रांगेतून आयोजक ओरडले, "छापील घ्या मॅडम! तेच ऑफिशियल!"

इराने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. मिहू मांडीवर होती, नेम डोक्यावर होता, तरी मी उभी राहिले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. "बाई, तिचं नाव इरा आहे!"

सगळा हॉल मागे वळला. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "आपण कोण?"

"मी हिच्या मैत्रिणीची आई. अहो, छापखान्यात कुठे नाव ठेवतात? नाव बारशाला ठेवतात."

आयोजक कपाळाला हात लावून बसले. डॉक्टरबाई मात्र इराकडे वळल्या. "बारसं झालं का तुझं, या नावाचं?"

इराने मान हलवली. नाही.

"का?"

माइक चालू होता. इरा अगदी हळू बोलली, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "आत्या बोलत नाही माझ्याशी."

डॉक्टरबाईंनी पत्रिका टेबलावर पालथी ठेवली. घंटा तिच्यावर ठेवली. "तुला चालणार असेल तरच हं," त्या म्हणाल्या. "मी चालेन?"

इराने मान डोलावली. डॉक्टरबाई खुर्ची सरकवून उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत तिच्यापर्यंत गेल्या, चवड्यांवर उभं राहून तिच्या कानात काहीतरी बोलल्या. मग माइककडे वळल्या आणि सगळ्या शास्त्रज्ञांना ऐकू जाईल असं, खणखणीत म्हणाल्या,

"इरा!"

मी मिहूला सायलीच्या हातात दिलं, पदर खोचला, मधल्या वाटेने चालत गेले, स्टेज चढले आणि त्या कर्दनकाळ बाईंच्या पाठीत एक धपाटा घातला.

आयोजक अर्धे उठले. "अहो काकू, हे काय!"

डॉक्टरबाई न वळता माइकमध्ये म्हणाल्या, "आणखी कोण असेल तर लवकर या. सत्र आधीच उशिरा चाललंय."

हेमा धावत आली. सायली मिहूसकट आली. इरा हसत होती की रडत होती, कोण जाणे, पण रिमोट तिच्या हातात होता. तिने बटण दाबलं आणि म्हणाली, "पुढची स्लाइड."

तुमच्याही ओळखीत कुणाची आत्या बोलत नसेल, तर एवढं कराच. आधी त्या पोरीला विचारा. मग माइक हातात घ्या.