पाचवा बिल्ला

माझी नजर मधोमध गेली आहे. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही, त्यामुळे कोण खोटं हसतंय याचा मला ताप नाही. आगरदांड्याच्या अलीकडे आमच्या कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीत मी बारा वर्षं टेबलावर आहे. काम एकच, कुठली होडी दर्यात आहे आणि कुठली परतली ते ठेवायचं.

त्यासाठी भिंतीवर फळी होती आणि फळीवर खिळे. होडी निघाली की घरची बाई होडीचा लाकडी बिल्ला आणून माझ्या हातात द्यायची आणि मी तो खिळ्याला लावायचे. होडी आली की तीच येऊन घेऊन जायची. पुरुषाने बिल्ला आणायचा नाही, ही आमच्याकडची रीत. प्रत्येक होडीच्या बिल्ल्यावर वेगळ्या खाचा होत्या. हात फिरवला की मिनिटभरात मी सांगायचे, कोण बाहेर आहे.

मग काँप्युटर आला. अध्यक्ष म्हणाले, सोमवारी वरून साहेब बघायला येतील, जमलं तर खुर्ची तुझी, नाहीतर बर्फाची कुपनं फाडायला बसायचं. कुपनांवर बसायला मी काय म्हातारी झाले? मला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली.

स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा एक आवाज होता. त्याची एसटी सुटत असावी अशा घाईत तो बोलायचा. मी कीबोर्डवर टिकल्या चिकटवल्या, बोटांना खूण म्हणून. शिकवायला आलेली मुलगी शेजारी बसायची आणि मी बटण दाबलं की म्हणायची, झालं. पंधरा दिवस मला कशात चैन नव्हतं. जेवताना बोटं ताटाच्या कडेवर चालायची. नवरा म्हणाला, ताट आहे ते, बंद नको करूस.

सोमवारी सकाळी येऊन बघते तर भिंत रिकामी. साहेबांना जुनाट दिसायला नको म्हणून अध्यक्षांनी फळी काढून टाकली होती. बायका मात्र सवयीने बिल्ले घेऊन आल्या. मी खेकसले, आता हे कशाला, मशीनमध्ये घातलंय ना. शेजारची मावशी काही ऐकेना. तिचा मुलगा काशीदच्या समोर जाळं टाकायला गेला होता.

"मशीन ऱ्हाऊंदे तुझा," ती म्हणाली. "मी तुझे हातान देतंय."

बिल्ले मी कीबोर्डशेजारी सारून ठेवले.

साहेब आले, माझ्या मागे उभे राहिले आणि वाऱ्याचा इशारा नेमका तेव्हाच आला. बाहेरच्या होड्यांना ताबडतोब परत बोलवायचं होतं. मी बाणाचं बटण दाबत गेले. आवाज होडीचं नाव घ्यायचा, 'बटण' म्हणायचा आणि पुढे जायचा. बाहेर की आत, ते बोलेचना. साहेबांनीच स्क्रीनकडे बघून सांगितलं की चार लाल आहेत, चार बाहेर. अध्यक्ष चौघांना फोन लावायला लागले.

म्हणजे सगळं रंगात होतं. शिकवणारी मुलगी रंग बघून 'झालं' म्हणायची आणि मी तिच्या त्या शब्दावर शिकले होते. आज ती नव्हती. एकदा दाबलं की होडी बाहेर, पुन्हा दाबलं की आत. आवाज दोन्ही वेळा नुसतं नाव घ्यायचा. सकाळी खात्री नव्हती म्हणून एक बटण मी दोनदा दाबलं होतं, एवढं मला आता आठवलं. कुठलं, ते आठवेना.

हात आपोआप बिल्ल्यांवर गेला. पाच होते. पुन्हा मोजले, तरी पाचच.

बोलले तर चूक माझी ठरणार होती आणि खुर्ची जाणार होती. मी गप्प बसले. किती वेळ ते सांगता येत नाही, अध्यक्षांचा एक फोन लागून संपला, एवढा वेळ. त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते.

"साहेब, पाच आहेत," मी म्हणाले. "एक मी चुकून आत दाखवली. मला रंग दिसत नाही."

अध्यक्षांनी चार नावं वाचून दाखवली, ती ऐकत मी त्या त्या खाचांचे बिल्ले बाजूला केले. हातात राहिला तो मावशीचा. तिच्या मुलाला चौथ्या खेपेला फोन लागला.

साहेबांनी माझ्यासमोर फोन करून सांगितलं की रंगाच्या जोडीला शब्द घाला. शब्द यायला महिना लागला. तोवर फळी परत भिंतीवर आली आणि खिळे अध्यक्षांनी स्वतः ठोकले. खुर्चीचा विषय मग कोणी काढला नाही.

पण त्या दिवशी मला फळीचं आणि खुर्चीचं काही सुचत नव्हतं. खिडकी ते दार, दार ते खिडकी अशा फेऱ्या घालत होते. चार होड्या किनाऱ्याला लागल्या. वारा वाढला. पाचवी तिन्हीसांजेला आली. मावशी भिजल्या पायांनी आत आली आणि तिने हात पुढे केला. मी मूठ उघडली. दुपारपासून बिल्ला मुठीतच होता आणि खाचा तळव्यात उमटल्या होत्या. मशीनमध्ये घातलंय ना, असं सकाळी मी तिला ऐकवलं होतं. तिने बिल्ला घेतला आणि माझा तळवा आपल्या पदराने पुसला.