तांब्याचा बॉयलर आणि एक निनावी अर्ज

शेजारचे भाऊ भिंतीवरून आमच्याकडे बघतात, हे माझ्या ध्यानात आलं ते लेथ बसवून पंधराएक दिवस झाल्यावर. मी मोटर चालू केली की त्यांच्या मागच्या दाराची कडी वाजायची आणि थोड्या वेळाने भिंतीपलीकडे त्यांचं डोकं दिसायचं. आधी ते आमच्या शेडकडे बघत, मग वर विजेच्या खांबाकडे, मग पुन्हा शेडकडे. माझी नजर वळली की खाली वाकून तुरीच्या शेंगा चाचपू लागत.

मी तीस वर्षं सरकारी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडची इन्स्ट्रक्टर होते. शेवटची काही वर्षं तेलंगणातल्या मंचेरियलला काढली. पोरांनी लोखंडाचा गोल तुकडा लेथवर लावायचा, दिलेल्या मापाला कापायचा, मी मायक्रोमीटर लावून गुण द्यायचे आणि तो तुकडा भंगारात जायचा. ‘मॅडम, माप बरोबर आहे’ असं कुणी म्हटलं की स्वतः मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही सवय हाडात भिनली होती. रिटायर झाले तेव्हा लक्षात आलं, आपण उभ्या जन्मात चालणारी अशी एकही वस्तू केली नाही.

मिस्टर तहसीलच्या कचेरीतून माझ्याआधीच निवृत्त झाले होते. आम्ही तामसीजवळ त्यांच्या गावी राहायला आलो. आदिलाबादला एक वर्कशॉप बंद होत होतं, तिथला लहान लेथ आणून सरपणाच्या शेडमध्ये बसवला आणि मी वाफेचं इंजिन करायला घेतलं. सिलिंडर पाणी प्यायच्या पेल्याएवढा आणि गरगर फिरायचं चाक बशीएवढं. त्याला वाफ द्यायला तांब्याचा छोटा बॉयलर. सगळं पाटावर मावेल एवढंच.

भाऊंबद्दल एक सांगायला हवं. त्यांच्या घरची जमीन मोठी, कापसाची आणि ज्वारीची. माझ्या सासूबाई त्यांच्या वडिलांच्या कापसात निंदायला जात. आम्ही त्यांच्या भिंतीला लागून सिमेंटचं घर बांधलं तेव्हा भाऊंनी कधी वावगा शब्द काढला नाही. पण न बोललेलं ऐकायची आम्हाला पिढ्यांची सवय. त्यामुळे ते डोकं भिंतीवर दिसलं की माझ्या मनात पहिला प्रश्न यायचा तो, ‘यांना काय खुपतंय?’

मिस्टरांना आधी माझ्या कामाचं कौतुक होतं. खुर्ची टाकून ते शेडच्या दाराशी पेपर वाचत बसत. सिलिंडर झाला, दांडा झाला, चाक झालं, तोवर आल्यागेल्याला बोलावून दाखवत. मग एक दिवस मी बसने आदिलाबादला जाऊन तांब्याचा नळ आणला, त्याची दोन्ही तोंडं बंद करायला चकत्या कापल्या आणि त्यांनी पेपर खाली ठेवला. हे सगळ्या बाजूंनी बंद करणार का, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. वाफ जास्त झाली तर कुठून जाईल, असं विचारलं. मी झडप समजावून सांगितली, दाब वाढला की ती आपोआप उघडते म्हणून. ती अडकली तर? अडकणार नाही, मी करणार आहे ना, मी म्हटलं. आठवड्यात त्यांनी हेच तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी हसले. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. मला वाटलं, पटलं.

महिन्याभराने एका सकाळी मोटरसायकलवरून दोघे आले. आबकारीचे, दारू पकडणाऱ्या खात्याचे. त्यातला वयस्कर माणूस आधी तेलुगूत बोलला, मग हिंदीत. घरात तांब्याचं भांडं आहे का, असं त्याने विचारलं. मी शेड उघडून दिली. आत बॉयलर होता, शेजारी पाणी आधी गरम करण्यासाठी वेटोळी केलेली तांब्याची नळी होती आणि कोपऱ्यात बॉयलरखालच्या दिव्यात घालायच्या स्पिरिटचा डबा होता. त्या वेटोळ्याकडे दोघांनी बघितलं, एकमेकांकडे बघितलं. गुडुंबा गाळायची भट्टी कशी दिसते हे या भागात लहान लेकराला कळतं. तीस वर्षांची सरकारी नोकरी आणि आता दारू गाळते म्हणून चौकशी.

वयस्कर माणसाने खिशातून कागद काढला. नाव-सही नसलेला अर्ज आला आहे, म्हणाला. त्यातलं थोडं त्याने तेलुगूतच वाचून दाखवलं: सदर घरात तांब्याचं बंद भांडं तयार होत आहे, त्यास नळी जोडलेली आहे, खाली जाळ लावण्याचं योजिलं आहे. बाकीचं वाचलं नाही आणि कागद हातात दिला नाही. मी त्यांना माझी ड्रॉइंग दाखवली. मग सायकलचा पंप इंजिनाला लावून हवा मारली, तसं चाक चार फेरे फिरलं. धाकट्याला मजा वाटली. थोरल्याने वेटोळ्याचा वास घेतला, फोटो काढला आणि काम झालं की एकदा दाखवा, असं सांगून ते गेले. मिस्टरांनी त्यांना चहा दिला तेव्हा बशीत अर्धा सांडला. साहेब लोक दारात आले की जुना कारकून घाबरतो, असंच मी धरून चालले.

अर्ज कुणी केला, याबद्दल मला क्षणभरही शंका आली नाही. भिंतीवरून रोज बघणारा एकच माणूस होता. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. भाऊ चौथीपर्यंत शिकलेले, तेही मराठीत आणि अर्जातली तेलुगू कचेरीतली, मुरलेली. पण मी स्वतःलाच उत्तर दिलं, बाजारात कुणाकडून तरी लिहून घेतला असेल.

मी बोलणं तोडलं. त्यांच्या बायकोने भिंतीवरून अंबाडीची भाजी दिली होती, ते भांडं मी घासून रिकामंच परत केलं. आमच्याकडे भांडं रिकामं देत नाहीत. तिने ते घेतलं, आत बघितलं आणि गेली. भिंतीवर मी जुने पत्रे उभे केले. शेडला कुलूप लावलं. जेवताना मिस्टरांसमोर भाऊंचा उद्धार करायचे. हे खाली मान घालून जेवायचे. एकदा म्हणाले, ‘असं कोनाबद्दल पक्कं नसते धरू.’ मी म्हटलं, तुमाले मानसं कळत नाईत.

मग प्रेशर गेज गायब झालं. बॉयलरमधला दाब दाखवणारं ते घड्याळासारखं यंत्र मी फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं होतं. दुपारी शेड उघडली तर फडकं होतं, गेज नव्हतं. मिस्टर सकाळच्या बसने आदिलाबादला गेले होते. कुलूप तर शाबूत होतं. पण मागचा पत्रा एका कोपऱ्यात सैल होता, त्यातून हात जाऊ शकतो, हे मी ताबडतोब शोधून काढलं. हात कुणाचा, हेही ठरलेलंच होतं.

मी तशीच भाऊंच्या ओसरीवर गेले. ते पऱ्हाटीवर औषध मारायच्या पंपाचं नोझल साफ करत बसले होते. आबकारीचा अर्ज, भिंतीवरून बघणं, आता ही चोरी, सगळं मी एका दमात बोलले. सासूबाईंचं नावही काढलं. ते नसतं काढलं तर बरं झालं असतं, असं आज वाटतं. भाऊंनी नोझल खाली ठेवलं.

‘वैनी, मी तुमच्या शेडात पाय नाई ठेवला,’ ते म्हणाले. ‘अर्ज कशाचा तेबी मले मालूम नाई. पन तुमी आल्याच हा तर मले बी एक इचारायचं हाय. तुमची मशीन चालू झाली का आमचा पंखा काऊन मंद होते? टीव्ही काऊन बंद पडते?’

मला कळेना. त्यांनी खांबाकडे बोट दाखवलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं, मी त्यांच्या वायरीवर आकडा टाकून वीज ओढते आहे. म्हणून ते लेथचा आवाज आला की वायर बघायला बाहेर येत. विचारायची त्यांना लाज वाटत होती. शिकलेली बाई, नोकरदार माणूस, कसं विचारावं, असं त्यांची बायको दारातून म्हणाली. म्हणजे जितके दिवस मी त्यांना चुगलखोर समजत होते, तितके दिवस ते मला चोर समजत होते.

आमचं हे चाललं असतानाच मिस्टर बसथांब्याकडून चालत आले. दोघांना ओसरीवर उभं बघून थबकले. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. काय झालं, असं त्यांनी विचारलं तेव्हा गेज गेलं, असं मी सांगितलं. त्यांनी पिशवीत हात घातला आणि गेज काढून माझ्यासमोर धरलं.

‘बराबर दाखवते का नाई, ते पाहून आनलं,’ ते म्हणाले. कापसाच्या जिनिंगमधल्या ओळखीच्या माणसाने दुसऱ्या गेजशी लावून बघितलं होतं. मग भाऊंकडे बघत, माझ्याकडे नाही, म्हणाले, ‘तो अर्ज बी मीच देल्ला. नाव नाई टाकलं.’

भाऊंनी त्यांना खाट दिली.

बसून त्यांनी सांगितलं ते मी लग्नाला इतकी वर्षं होऊन प्रथमच ऐकलं. सासरे तरुणपणी जिनिंगच्या बॉयलरवर कोळसा टाकायला होते. एक दिवस नळीचा जोड उडाला आणि वाफ पाठीवर आली. मिस्टर तेव्हा सात वर्षांचे, बापाची भाकर घेऊन गेले होते. फाटकाशी उभं राहून त्यांनी बापाला बाहेर आणताना बघितलं. सासरे माझ्यासोबत आठ वर्षं राहिले. भर उन्हाळ्यात अंगातली बंडी काढायचे नाहीत. मी कधी विचारलं नव्हतं.

अर्ज त्यांनी तहसीलच्या कचेरीत टाकला होता, येऊन पाहणी करावी आणि जिवाला धोका असल्यास काम थांबवावं म्हणून. तिथल्या कुणी तरी ‘तांब्याचं भांडं’ आणि ‘नळी’ वाचून तो आबकारीकडे धाडला.

‘मले नाई सांगता आलं?’ मी विचारलं.

‘तीन बार सांगतलं,’ ते म्हणाले. ‘तू हासली.’

घरी आल्यावर मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. राग होताच. नवरा आपल्याविरुद्ध निनावी अर्ज करतो, हे भयातून केलं असलं तरी गिळायला जड. पण तिसऱ्या दिवशी मी गेज बॉयलरवर चढवलं आणि त्यांना शेडमध्ये बोलावलं. बॉयलरमध्ये वाफ नव्हे, काठोकाठ थंड पाणी भरलं. हातपंपाने दाब द्यायचा, इंजिन चालवताना लागेल त्याच्या दुप्पट. बॉयलर फुटायचाच असेल तर असा फुटावा, कारण थंड पाणी उडत नाही, नुसतं गळतं. पंप मी त्यांच्या हातात दिला. ते हळूहळू मारत गेले. काटा चढला. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडून समोर ठेवलं आणि अर्धा तास काट्यावरची नजर हलवली नाही. सतराव्या मिनिटाला म्हणाले, ‘हे पाय, थेंब.’ मागच्या चकतीच्या जोडाला खरंच बारीक थेंब होता. माझ्या डोळ्याला दिसला नव्हता. मी तो जोड पुन्हा तापवून डाग दिला. दुसऱ्या वेळी थेंब आला नाही.

लाइनमनने येऊन खांबावरचा सैल झालेला जोड घट्ट केला. तरी लेथ सुरू झाला की भाऊंचा पंखा किंचित दबतोच आणि भाऊ अजून एकदा वायरीकडे बघून घेतात. मी पत्रे काढून टाकले. बोलणं सुरू झालं, पण पूर्वीइतकं सैल नाही. सासूबाईंचं नाव त्या दिवशी मध्ये आलं होतं, ते दोन्ही घरांना आठवतं.

थंडीतल्या एका सकाळी आम्ही बॉयलरखाली दिवा लावला. भाऊ आणि त्यांची बायको आली. मिस्टर भिंतीशी, सगळ्यांच्या मागे उभे राहिले. पाणी उकळलं, काटा चढला, मी वाफ सोडली आणि चाकाला बोटाने एक धक्का दिला. ते अडखळलं, उलटं फिरलं, थांबलं. दुसऱ्या धक्क्याला मात्र सुटलं. फटफट आवाज करत बशीएवढं चाक स्वतःच्या बळावर फिरू लागलं. मी त्याच्याकडे बघतच राहिले, तीस वर्षं पोरांनी कापलेले तुकडे मोजले त्या डोळ्यांनी, आणि कुठे काय चुकतंय ते शोधत. दाब वाढल्यावर झडप उघडली, फुस्स करून वाफ बाहेर पडली. भाऊंची बायको दचकून मागे सरली. मिस्टर पुढे आले. झडप पुन्हा बसेपर्यंत थांबले, मग वेताचा मोडा ओढून इंजिनाजवळ बसले.

‘पानी कमी झालं असन,’ ते म्हणाले. ‘पाहून घे.’

मी पाहिलं. खरंच कमी झालं होतं.