गार्डसाहेबांनी भात सोडला

गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, सकाळच्या प्रार्थनेहून घरी आल्यावर, ऑगस्टिन तिर्की यांनी भात सोडला. त्यांच्या कपाळावरची राख पुसली जाण्याआधी ही बातमी गोंदियातल्या आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचली होती. धानाच्या जिल्ह्यात ती पहिल्या पानाची बातमी होती.

तिर्की मालगाडीचे निवृत्त गार्ड. वडील छत्तीसगडातून रेल्वेच्या कामाला आले आणि इथेच राहिले. मी भिंतीपलीकडचा शेजारी, वर्तमानपत्राचा बातमीदार. गल्ली त्यांना गार्डसाहेब म्हणे, ते मला पेपरवाले म्हणत. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात आवडीचा एक पदार्थ सोडायचा, असा त्यांच्या घरचा नियम होता. कोणता सोडला ते गार्डसाहेब अंगणात उभे राहून जाहीर करत. आवाज शेवटच्या डब्यापासून इंजिनापर्यंत जाईल असा.

एका वर्षी त्यांनी मटण सोडले. दुसऱ्याच रविवारी ताटात कलेजी दिसली. "कलेजी मटन थोडीच है," ते म्हणाले. "कलेजी कलेजी आहे." साखर सोडली त्या वर्षी चहात गूळ पडला. एकदा त्यांनी आंबा सोडला, तेव्हा झाडांना नुसता मोहोर होता.

"आंबा अजून झाडाले लागला नाही," त्यांच्या पत्नी रोझबाई म्हणाल्या, "अन् हे सोडून राहिले."

"लागल्यावर सोडणं कठीण जाते, रोझ," गार्डसाहेब म्हणाले.

उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य असते, मासे चालतात. एरवी या घरात संध्याकाळी वरण, भात आणि एक भाजी असे. उपवासाच्या शुक्रवारी दुपारी तीनपासून चूल पेटलेली असे आणि गार्डसाहेब स्वतः रांधत. मरळीचा रस्सा, तळलेला रोहू, लाखोरीच्या डाळीचे वडे आणि चिन्नोर तांदळाचा भात. गल्लीतले बिगरख्रिस्ती लोक हा उपवास कधी लागतो ते कॅलेंडरात आधीच पाहून ठेवत. मी बारा वर्षे हा उपवास जेवलो.

मासे टेकराम कापगते आणत. अर्जुनी मोरगावकडचे धानाचे शेतकरी. गावचा तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला. तिर्कींची मालगाडी एकदा सिग्नलसाठी त्यांच्या बांधापाशी तीन तास थांबली होती, तेव्हापासूनची ही ओळख. सहा वर्षांपूर्वी, उपवासकाळाच्या पहिल्या शुक्रवारी, गार्डसाहेबांनी त्यांना टोकले.

"दरसाल आमच्यात बसून खातोस, पाटील. तू भी कुछ छोड."

टेकराम यांनी थोडा विचार केला. "मासोळी सोडतो," ते म्हणाले.

पुढचे सगळे शुक्रवार त्यांनी मासे आणले आणि स्वतः वडे-भात खाल्ला. ईस्टरच्या जेवणात गार्डसाहेबांनी मरळीचे डोके त्यांच्या ताटात वाढले. टेकराम यांनी ते काढून परत पातेल्यात ठेवले.

"काऊन?"

"सोडली ना मी."

"चाळीस दिवसांसाठी. ते झाले. उपवास खतम."

"तुमचा खतम, गार्डसाहेब. आमच्यात दिवस लावून सोडत नाहीत. माझी माय गयेच्या यात्रेले गेली, वांगं सोडून आली. मरेपर्यंत तोंडात घेतलं नाही."

दुसऱ्या दिवशी गार्डसाहेब चर्चमध्ये फादरांना भेटले. टेकराम मोकळे आहेत, असे फादर म्हणाले. तो निरोप टेकराम यांनी ऐकून घेतला. "फादर तुमचे आहेत," ते म्हणाले. "ते मले कायले मोकळं करतील?" पुढची चार वर्षे ते मासे आणत राहिले आणि त्यातला एक तुकडाही त्यांनी खाल्ला नाही. गार्डसाहेब त्या चार वर्षांत अनुक्रमे पापड, शेव, आइस्क्रीम आणि पुन्हा आंबा यांपासून दूर राहिले.

भात सोडण्याचे कारण धार्मिक नव्हते. गार्डसाहेबांना अकरा वर्षांपासून मधुमेह होता. गेल्या वर्षी थंडीत उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती भरेना. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले, भात बंद करा, नाहीतर आधी अंगठा जाईल, मग पाय.

"कितने दिन बंद?" गार्डसाहेबांनी विचारले.

"कायमचा."

हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला, असे रोझबाई सांगतात. परतीच्या गाडीत ते म्हणाले, "चाळीस दिवस कर देते हैं."

ते चाळीस दिवस त्यांनी पाळले. मधले रविवार वगळून. रविवार उपवासकाळात मोजत नाहीत, हे ते विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही समजावून सांगत. त्यांचे म्हणणे नियमाला धरून होते.

"शुगरले रविवार समजते का?" रोझबाई विचारत.

जखम अर्धी सुकली. रोझबाईंना धास्ती ईस्टरची होती. आदल्या आठवड्यात त्या बसने टेकराम यांच्या गावी गेल्या. "भाऊ," त्या म्हणाल्या, "ह्यायले तुमच्यावानी भात सोडायले लावा. नाहीतर पाय जाते."

ईस्टरच्या दुपारी आम्ही चौघे जेवायला बसलो. गार्डसाहेबांच्या ताटात चिन्नोरचा ढीग होता आणि त्यावर रस्सा.

"गार्डसाहेब, भात सोडा," टेकराम म्हणाले. "आमच्यावानी. कायमचा."

गार्डसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिले. "तू मासोळी खा," ते म्हणाले. "मग सोडतो."

टेकराम मासे खाणार नाहीत, याची त्यांना खात्री असावी. टेकराम यांनी गार्डसाहेबांच्या ताटातला मरळीचा तुकडा उचलला, खाल्ला आणि काटा ताटाच्या कडेला ठेवला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

गार्डसाहेब काही बोलण्याआधी रोझबाईंनी त्यांचे ताट उचलले होते. नव्या ताटात ज्वारीची भाकर आली.

त्यानंतर घरात त्यांनी भात खाल्ला नाही. पावसाळ्यात जखम पूर्ण भरली. अंगठा वाचल्याचे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले. तो कागद गार्डसाहेब गल्लीत दाखवत. टेकराम आले की दोघे एका ताटातली मासोळी खात.

दिवाळीनंतर एका सकाळी हृदयविकाराच्या झटक्याने ऑगस्टिन तिर्की यांचा घरीच मृत्यू झाला. वय अडुसष्ट. तिसऱ्या दिवशी घरी जेवण होते. रोझबाईंनी टेकराम यांच्या ताटात भात आणि मासे वाढले आणि त्या तिथेच बसल्या.

"भाऊ, एक सांगाचं होतं," त्या म्हणाल्या. "दर रविवारी हे स्टेशनसमोर जाऊन भात खात होते. मले माहीत होतं. तुमाले सांगायची हिंमत झाली नाही."

"ईस्टरनंतरबी?"

"हो."

"सगळे रविवार?"

"सगळे."

मी नंतर स्टेशनसमोरच्या खानावळीत चौकशी केली. मालकाने दुजोरा दिला. गार्डसाहेब दोनदा भात मागून घेत.

त्या दिवशी टेकराम यांनी ताट जवळ ओढले. "मग त्यायचं सोडाचं राहूनच गेलं," ते म्हणाले. "राहिलेलं मी सोडतो." त्यांनी मासे खाल्ले. भात बाजूला काढून रोझबाईंच्या हातात परत दिला.

गेल्या महिन्यात टेकराम यांच्या धाकट्या मुलीचे लग्न गावी झाले. पंगतीचा तांदूळ त्यांच्याच धानाच्या बांध्यांतला होता. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्यांच्या पानात दोन भाकरी होत्या.